बॅकअपला डिस्क सापडेना, तेव्हा...

पेणकरपाडा (मीरा रोड) - दहिसर चेकनाका ओलांडून मीरा-भाईंदर महापालिकेच्या हद्दीत शिरले की पेणकरपाड्याची वस्ती लागते. लहान कारखान्यांचे गाळे, दुकाने, करसल्लागारांची कार्यालये आणि गृहनिर्माण सोसायट्या यांच्या या दाटीत लाल कापडाच्या बांधणीची खतावणी आता दिवाळीतील पूजेपुरतीच उरली आहे. विक्रीची बिले, जीएसटीची विवरणे, कामगारांचे पगारपत्रक, सोसायटीच्या सभासदांची थकबाकी हे सारे संगणकात असते. संगणक बिघडला तर काय, या प्रश्नाचे उत्तर म्हणून त्याच्याशेजारी तळहाताएवढी एक काळी डबी ठेवलेली असते. ती म्हणजे बाह्य हार्डडिस्क. रोज ठरलेल्या वेळी मूळ माहितीची एक प्रत, म्हणजेच बॅकअप, या डिस्कवर आपोआप उतरावी, अशी व्यवस्था कोणीतरी एकदा लावून दिलेली असते आणि त्यानंतर तिच्याकडे कोणी फारसे पाहत नाही.

मग एके दिवशी संगणकाच्या पडद्यावर कोपऱ्यात एक लहानशी सूचना उमटते. बॅकअपसाठी निवडलेली डिस्क सापडत नाही, ती पुन्हा जोडावी, असा तिचा आशय असतो. डिस्क तर समोर टेबलावरच असते. तिची तार संगणकात खोचलेली असते, तिचा निळा दिवाही लुकलुकत असतो. घाईच्या वेळी ही सूचना बंद केली जाते आणि काम पुढे सुरू होते. दुसऱ्या दिवशी तेच घडते. काही आठवड्यांनी ती सूचना नजरेच्या इतकी सवयीची होते की दिसेनाशीच होते. संगणकाची मूळ डिस्क निकामी होते त्या दिवशी शेवटचा बॅकअप चार महिन्यांपूर्वीचा आहे, हे प्रथमच लक्षात येते.

हा बिघड बहुतेक वेळा किरकोळ असतो आणि तंत्रज्ञाला न बोलावताही त्याचा माग काढता येतो. मात्र, त्यासाठी संगणक बाहेरची डिस्क ओळखतो कशी, हे आधी समजून घ्यावे लागते.

कायद्याची सहा वर्षे

हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. वस्तू व सेवा कर कायद्याच्या ३६व्या कलमानुसार, नोंदणीकृत व्यापाऱ्याने हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपून ठेवणे बंधनकारक आहे. २०२४-२५ या वर्षाच्या विवरणपत्राची मुदत ३१ डिसेंबर २०२५ ही होती. त्यामुळे त्या वर्षाचा हिशेब ३१ डिसेंबर २०३१ पर्यंत सांभाळावा लागतो. एखादे अपील प्रलंबित असेल तर ही मुदत आणखी लांबू शकते. कंपनी कायदा, २०१३ च्या १२८व्या कलमानुसार नोंदणीकृत कंपन्यांना आठ आर्थिक वर्षांचे हिशेब ठेवावे लागतात. ऑगस्ट २०२२ मध्ये झालेल्या नियमदुरुस्तीनंतर संगणकावर हिशेब ठेवणाऱ्या कंपन्यांना त्यांचा बॅकअप भारतातच असलेल्या सर्व्हरवर दररोज घेणे आवश्यक झाले आहे. एकल मालकीच्या दुकानाला किंवा सोसायटीला ही दैनंदिन बॅकअपची अट लागू नसली, तरी करविभागाची नोटीस आली की जुनी बिले काढून दाखवणे कोणालाच चुकत नाही. 'संगणक बिघडला होता' हे उत्तर अशा वेळी फार उपयोगी पडत नाही.

ओळख पटवण्याच्या चार पायऱ्या

बाहेरची डिस्क संगणकाला जोडल्यापासून बॅकअपच्या प्रोग्रामला ती दिसेपर्यंत चार टप्पे असतात. पहिला टप्पा विजेचा. डिस्कला तारेतून पुरेशी वीज मिळाली पाहिजे. दुसरा टप्पा यंत्राच्या ओळखीचा. आपल्याला एक साठवण उपकरण जोडले गेले आहे, हे संगणकाला कळले पाहिजे. तिसरा टप्पा विभागाचा. डिस्कवर आखलेला साठवणीचा विभाग आणि त्यावरील फाइलरचना संगणकाला वाचता आली पाहिजे. चौथा टप्पा पत्त्याचा. त्या विभागाला एक नाव किंवा अक्षर मिळाले पाहिजे आणि बॅकअपचा प्रोग्राम ज्या पत्त्यावर माहिती पाठवतो तो पत्ता तोच असला पाहिजे.

'डिस्क सापडत नाही' ही एकच सूचना या चारपैकी कोणत्याही टप्प्यावरील बिघाडामुळे येऊ शकते. घरात अंधार झाल्यावर आपण आधी शेजारी वीज आहे का ते पाहतो, मग मीटरचा फ्यूज, मग बटण आणि शेवटी दिवा. येथेही तपास खालच्या पायरीपासून वर न्यावा. अनेकजण थेट बॅकअपचा प्रोग्राम काढून पुन्हा बसवतात. तार सैल असेल तर या खटाटोपाचा काहीही उपयोग होत नाही. उलट, आधी नीट केलेली मांडणी मात्र पुसली जाते.

आधी तार, मग सारे

खिशात मावणाऱ्या अडीच इंची डिस्कला स्वतंत्र वीजजोड नसतो. ती संगणकाच्या यूएसबी पोर्टमधूनच वीज घेते. जुन्या यूएसबी २.० प्रकारच्या पोर्टमधून ५०० मिलिॲम्पिअर, तर यूएसबी ३.० मधून ९०० मिलिॲम्पिअरपर्यंत वीज मिळते. यूएसबी ३.० चे पोर्ट बहुधा आतून निळ्या रंगाचे असते. डिस्कमधील चकती फिरू लागते त्या क्षणी विजेची गरज सर्वाधिक असते. वीज अपुरी पडली तर दिवा लागतो, पण चकती नीट वेग घेत नाही. दिवा लुकलुकतो म्हणून डिस्क चालू आहे, असे मानणे म्हणूनच चुकीचे ठरते.

एकाच पोर्टला चार तोंडे लावणारा हब, त्यावरच प्रिंटर, कीबोर्ड आणि डिस्क अशी जोडणी लहान कार्यालयांत सर्रास दिसते. अशा हबला स्वतःचा वीजजोड नसेल तर ती सारी उपकरणे एकाच पोर्टच्या विजेवर जगतात. डिस्क अशा हबवरून काढून संगणकाच्या मागील बाजूच्या पोर्टला थेट जोडावी. कॅबिनेटच्या पुढच्या बाजूचे पोर्ट आतल्या लांब वायरने मुख्य पटलाला जोडलेले असते आणि रोजच्या वापराने ते सैलही झालेले असते. मागचे पोर्ट त्यामानाने अधिक भरवशाचे.

यानंतर तार बदलून पाहावी. बाह्य डिस्कच्या बाजूचे रुंद, चपटे टोक नाजूक असते. डिस्क सतत काढण्या-घालण्याने ते ढिले होते. नव्या प्रकारच्या डिस्कला टाइप-सी तार लागते. मात्र, दिसायला सारख्या असणाऱ्या काही तारा केवळ मोबाइल चार्ज करण्यासाठी बनवलेल्या असतात व त्यांतून माहिती जातच नाही. मूळ तार हरवल्यावर मोबाइलची तार लावली आणि डिस्क 'गेली', असे म्हणण्याची वेळ त्यामुळे येते. मोठ्या साडेतीन इंची डिस्कला वेगळा ॲडॅप्टर असतो. तो दुसऱ्याच उपकरणाचा तर लावलेला नाही ना, हे त्यावरील व्होल्टचा आकडा वाचून पडताळावे. चुकीच्या ॲडॅप्टरने डिस्कचे सर्किट जळू शकते.

तिसरी खूण दुसऱ्या संगणकावर मिळते. तीच डिस्क, तीच तार शेजारच्या संगणकाला जोडली आणि ती दिसली, तर दोष डिस्कचा नसून पहिल्या संगणकाचा आहे. तेथेही दिसली नाही, तर तार बदलून पुन्हा पाहावे. या दोन मिनिटांच्या चाचणीने पुढचा निम्मा तपास वाचतो.

संगणकाला दिसते, प्रोग्रामला दिसत नाही

विंडोजवर चालणाऱ्या संगणकात 'डिस्क मॅनेजमेंट' नावाची खिडकी असते. 'स्टार्ट'च्या चिन्हावर माऊसचे उजवे बटण दाबले की येणाऱ्या यादीत ती सापडते. संगणकाला जोडलेल्या सर्व डिस्क, मग त्या नेहमीच्या खिडकीत दिसोत वा न दिसोत, येथे क्रमाने मांडलेल्या असतात. बाहेरची डिस्क येथेही नसेल, तर अडचण पहिल्या दोन टप्प्यांतील आहे. अशा वेळी त्याच यादीतील 'डिव्हाइस मॅनेजर' उघडून पिवळे उद्गारचिन्ह कोठे दिसते का, ते पाहावे. तसे चिन्ह असलेले उपकरण यादीतून काढून संगणक पुन्हा सुरू केला की विंडोज त्याचा चालक-प्रोग्राम नव्याने बसवते आणि पुष्कळदा डिस्क परत येते.

येथे एक बारकावा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली. संगणक 'शट डाऊन' केला तरी त्याच्या आतील काही अवस्था जपून ठेवली जाते, म्हणजे सकाळी तो लवकर सुरू होतो. त्यामुळे रात्रीचा गोंधळ सकाळीही तसाच राहू शकतो. 'रिस्टार्ट' केल्यावर मात्र सारे नव्याने सुरू होते. म्हणून डिस्क दिसेनाशी झाल्यास संगणक बंद करून चालू करण्याऐवजी 'रिस्टार्ट' करावा. वीज वाचवण्यासाठी विंडोज वापरात नसलेले यूएसबी पोर्ट झोपवून ठेवते, हेही एक नेहमीचे कारण. रात्री बॅकअपची वेळ होते तेव्हा पोर्ट झोपलेले असते आणि प्रोग्रामला डिस्क सापडत नाही. विजेच्या मांडणीत जाऊन 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' ही सोय बंद केल्यास हा प्रश्न सुटतो.

डिस्क मॅनेजमेंटमध्ये डिस्क दिसत असेल, पण तिच्या विभागाला अक्षर नसेल, तर चौथ्या टप्प्यावर अडले आहे, असे समजावे. आणि सर्वाधिक गोंधळ येथेच होतो.

अक्षरांचा घोळ

विंडोज प्रत्येक साठवण विभागाला इंग्रजी मुळाक्षरांतील एक अक्षर देते. ही पद्धत डॉस प्रणालीच्या काळापासून चालत आली आहे. तेव्हा ए आणि बी ही अक्षरे फ्लॉपीसाठी राखीव होती. १९८३ मध्ये आयबीएमने १० मेगाबाइटची हार्डडिस्क असलेला पीसी एक्सटी बाजारात आणला, तेव्हा डिस्कला पुढचे अक्षर म्हणून सी मिळाले. फ्लॉपी इतिहासजमा झाली, पण मुख्य डिस्कचे सी अक्षर आजही तेच आहे. नंतर जोडल्या जाणाऱ्या उपकरणांना विंडोज पहिले रिकामे अक्षर देत जाते.

समजा, बॅकअपची मांडणी केली तेव्हा बाहेरच्या डिस्कला ई हे अक्षर मिळाले होते. 'रोज सायंकाळी सात वाजता हिशेबाचे फोल्डर ई वर उतरव' असा आदेश प्रोग्रामला दिला गेला. एके दिवशी एखादा ग्राहक पेनड्राइव्ह घेऊन आला, तो आधी जोडला गेला आणि ई त्याला मिळाले. नंतर जोडलेली डिस्क एफ झाली. प्रोग्राम मात्र ई कडेच पाहत राहतो. पेनड्राइव्ह काढून घेतल्यावर ई रिकामे असते आणि डिस्क सापडत नाही, असे तो सांगतो. याहून वाईट प्रकार म्हणजे काही प्रोग्राम तक्रारही न करता त्या पेनड्राइव्हवर नवे फोल्डर करून माहिती उतरवतात. बॅकअप यशस्वी, असा संदेश येतो आणि दुकानाचा सारा हिशेब ग्राहकाच्या खिशातून बाहेर पडतो.

त्यावर उपाय सोपा आहे. डिस्क मॅनेजमेंटमध्ये बाहेरच्या डिस्कच्या विभागावर उजवे बटण दाबून अक्षर बदलण्याचा पर्याय निवडावा आणि तिला मुळाक्षरांच्या शेवटाकडील एखादे अक्षर, उदाहरणार्थ एक्स किंवा वाय, द्यावे. ते अक्षर पेनड्राइव्हला सहसा मिळत नाही आणि त्या संगणकावर विंडोज ही नेमणूक लक्षात ठेवते. नंतर बॅकअपच्या प्रोग्राममधील पत्ताही तसाच बदलावा. टॅलीसारख्या हिशेबाच्या प्रणालीत बॅकअप कोठे ठेवायचा, तो मार्ग लिहिलेला असतो. तेथील जुने अक्षर बदलले नाही, तर पहिली दुरुस्ती निष्फळ ठरते.

अक्षर तेच, डिस्क मात्र परकी

सर्वच प्रोग्राम अक्षरावर विसंबून नसतात. विंडोजमधील 'फाइल हिस्टरी' किंवा ॲपलच्या संगणकांतील 'टाइम मशीन' या सोयी डिस्कच्या विभागावर कोरलेला एक लांबलचक ओळखक्रमांक लक्षात ठेवतात. हा क्रमांक डिस्क फॉरमॅट केली की बदलतो. म्हणून जुनी डिस्क फॉरमॅट करून, तेच नाव आणि तेच अक्षर देऊन पुन्हा जोडली, तरी प्रोग्रामच्या लेखी ती परकीच असते. माणसाने नाव तेच ठेवले, पण आधारक्रमांक बदलला, तर बँकेला तो वेगळाच वाटेल, तसा हा प्रकार. अशा वेळी बॅकअपच्या मांडणीत जाऊन जुन्या डिस्कची नोंद काढून टाकावी आणि तीच डिस्क नव्याने निवडावी.

दोन डिस्क आलटून पालटून वापरणाऱ्या कार्यालयांनाही हाच अनुभव येतो. सोमवारची डिस्क चालते, मंगळवारची सापडत नाही. दोन्ही डिस्कना एकच अक्षर दिले, तरी ओळखक्रमांक भिन्न असतात. अशांनी एकतर दोन्ही डिस्कची नोंद करू देणारा प्रोग्राम निवडावा, नाहीतर अक्षरावर चालणारा.

फाइल हिस्टरीबाबत आणखी दोन गोष्टी जाणून घ्याव्यात. डिस्क जोडलेली नसताना ही सोय बदललेल्या फाइलींच्या प्रती काही काळ संगणकाच्या मूळ डिस्कवरच साठवते. त्यामुळे काम सुरू आहे, असे भासते. पण मूळ डिस्कच गेली तर त्या प्रतीही जातात. शिवाय, ती डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप अशा ठराविक जागांचीच काळजी घेते. हिशेबाच्या प्रणालीचे फोल्डर पुष्कळदा निराळ्या जागी असते. डिस्क सापडली म्हणून हिशेब सुरक्षित झाला, असे नव्हे.

कुलूप आणि भाषा

डिस्क हरवल्यास माहिती दुसऱ्याच्या हाती पडू नये, म्हणून 'बिटलॉकर'सारख्या सोयीने ती कुलूपबंद करता येते. अशी डिस्क जोडल्यावर परवलीचा शब्द द्यावा लागतो. तो देईपर्यंत बॅकअपच्या प्रोग्रामच्या दृष्टीने डिस्क रिकाम्या भिंतीसारखी असते. संगणक पुन्हा सुरू झाल्यावर कुलूप उघडायचे राहून जाते आणि रात्रीचा बॅकअप चुकतो. विश्वासातील एकाच संगणकापुरते कुलूप आपोआप उघडेल, अशी मांडणी करता येते. परवलीचा शब्द विसरल्यास ४८ अंकी किल्ली लागते. ती कागदावर लिहून तिजोरीत ठेवलेली बरी. त्याच कुलूपबंद डिस्कवर ती साठवणे म्हणजे कपाटाची किल्ली कपाटातच ठेवण्यासारखे आहे.

फाइलरचनेचा प्रश्न घरगुती वापरात अधिक येतो. विंडोजची एनटीएफएस ही रचना ॲपलचा संगणक वाचतो, पण मुळात तिच्यावर लिहीत नाही. त्यामुळे कार्यालयातील डिस्क घरच्या ॲपल संगणकाला जोडली, तर ती दिसते, पण टाइम मशीन तिच्यावर बॅकअप घेत नाही, ती पुसून नव्याने तयार करण्याची परवानगी मागते. २००७ मध्ये आलेली ही सोय २०२० च्या 'बिग सर' आवृत्तीपासून एपीएफएस या नव्या रचनेवर काम करू लागली. उलट, तशी तयार झालेली डिस्क विंडोजला जोडली की ती फॉरमॅट करावी लागेल, असा संदेश येतो. चित्रपट पाहण्यासाठी डिस्क टीव्हीला जोडली, तर कार्यक्रम ध्वनिमुद्रित करण्याच्या सोयीसाठी काही टीव्हीही असाच प्रश्न विचारतात. यापैकी कोणत्याही ठिकाणी रिमोटवर किंवा माऊसवर घाईने 'होय' म्हटले की संपूर्ण बॅकअप पुसला जातो. बॅकअपची डिस्क अन्य कोणत्याही कामासाठी वापरू नये, या नियमाचे मूळ येथे आहे.

वायफायवरून चालणाऱ्या डिस्कचे निराळे दुखणे

काही कार्यालयांत डिस्क राउटरला किंवा दुसऱ्या संगणकाला जोडून ती सर्वांना खुली केलेली असते. कर्मचारी ती एखाद्या अक्षराखाली पाहतात, फाइल उघडतात, साठवतात. रात्री ठरलेल्या वेळी चालणारा बॅकअप मात्र 'डिस्क नाही' म्हणून परततो. असे जोडलेले अक्षर त्या वापरकर्त्यापुरतेच असते. रात्रीचा प्रोग्राम वेगळ्या खात्याच्या नावे चालत असेल, तर त्या खात्याच्या लेखी ते अक्षर अस्तित्वातच नसते. अशा मांडणीत अक्षराऐवजी त्या डिस्कचा नेटवर्कवरील पूर्ण पत्ता लिहावा आणि त्यासोबत परवानगीचे नाव व परवलीचा शब्द साठवावा. संगणकाचा परवलीचा शब्द बदलल्यानंतर बॅकअप बंद पडण्याचे कारणही बहुधा हेच असते.

टिक्‌टिक् ऐकू आली तर थांबा

वरील सर्व उपाय डिस्क धडधाकट आहे, असे गृहीत धरून आहेत. डिस्क स्वतःच आजारी असेल, तर तिची चिन्हे वेगळी असतात. चालू केल्यावर ठरावीक अंतराने टिक्‌टिक् असा आवाज येणे, एखादी फाइल उघडण्यास मिनिट-मिनिट लागणे, डिस्क दिसणे आणि पुन्हा नाहीशी होणे, ही ती चिन्हे होत. हार्डडिस्कमध्ये मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेणारी चकती असते आणि तिच्या पृष्ठभागापासून केसाच्या जाडीच्याही अत्यल्प अंशाइतक्या अंतरावरून वाचनदांडीचे टोक तरंगत असते. डिस्क चालू असताना टेबलावरून पडली की हे टोक चकतीवर घासते. त्यानंतर ती पुन्हा पुन्हा चालू करून पाहणे म्हणजे जखम खरवडणे.

अशा वेळी पहिला प्रश्न विचारावा तो हा, की या डिस्कवर असलेली माहिती दुसरीकडे कोठे आहे का? मूळ संगणक नीट चालत असेल, तर बॅकअपच्या डिस्कवर जीव अडकवण्याचे कारण नाही. नवी डिस्क आणावी आणि त्याच दिवशी पूर्ण बॅकअप घ्यावा. जुनीला दुरुस्त करण्यात चार दिवस घालवले, तर त्या चार दिवसांत मूळ माहितीला एकही आधार नसतो.

मात्र, अनेक कार्यालयांत वेगळेच घडलेले असते. संगणकावर जागा कमी पडते म्हणून मागील वर्षांची बिले आणि हिशेब बाह्य डिस्कवर हलवले जातात आणि मूळ जागेवरून पुसले जातात. त्या क्षणी ती डिस्क बॅकअप राहत नाही. ती एकमेव प्रत होते. कायद्याने जपायला सांगितलेली सहा वर्षे मग तळहाताएवढ्या डबीवर आणि तिच्या तारेवर अवलंबून राहतात. अशी डिस्क टिक्‌टिक् करू लागली तर घरगुती उपाय, इंटरनेटवरील मोफत प्रोग्राम किंवा डिस्क-तपासणीचे आदेश यांपैकी काहीही न करता ती बंद करून माहिती परत मिळवून देणाऱ्या जाणकाराकडे न्यावी.

सतत जोडलेली ठेवावी की काढून?

डिस्क सापडत नाही, ही तक्रार टाळण्यासाठी ती कायम जोडून ठेवण्याकडे कल असतो. त्यात दुसरा धोका आहे. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' या खंडणीखोर व्हायरसने जगभरातील संगणक कुलूपबंद केले. त्यानंतर जून २०१७ मधील हल्ल्याची झळ उरणजवळील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलला बसली. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयाचे कामकाज अशाच हल्ल्यामुळे कित्येक दिवस कागदावर करावे लागले. असा व्हायरस संगणकात शिरला की त्याला जोडलेल्या प्रत्येक डिस्कवरील फाइलीही तो बंदिस्त करतो. मूळ माहिती आणि बॅकअप एकाच वेळी हातचे जातात.

दुसरा धोका पेणकरपाड्यासारख्या भागाला सांगावा लागत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्या प्रलयात मुंबई आणि उपनगरांतील असंख्य तळमजले पाण्याखाली गेले. संगणक आणि बॅकअपची डिस्क एकाच टेबलावर असेल, तर पाणी दोघांत फरक करत नाही.

त्यामुळे मधला मार्ग काढावा लागतो. बॅकअपची वेळ मध्यरात्रीऐवजी कार्यालय सुरू असतानाची, म्हणजे सायंकाळी काम आटोपण्याच्या सुमाराची ठेवावी. त्या वेळी डिस्क जोडावी, बॅकअप पूर्ण झाल्याचे पाहावे, 'सेफली रिमूव्ह' करून ती काढावी आणि शक्य तर घरी न्यावी. दोन डिस्क असतील तर एक नेहमी बाहेर राहते. माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांपैकी एक दुसऱ्या ठिकाणी, हा छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला '३-२-१' नियम याच विचारावर उभा आहे. तिसरी प्रत इंटरनेटवरील साठवणीत ठेवता येते. तिला ना तार लागते, ना अक्षर.

डिस्क सापडली, अक्षर जुळले, बॅकअप यशस्वी झाल्याचा संदेशही आला, तरी एक काम बाकी राहते. महिन्यातून एकदा त्या डिस्कवरील एखादी जुनी फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी आणि हिशेबाचा बॅकअप प्रत्यक्ष परत उतरवून पाहावा. २०११ पासून ३१ मार्च हा दिवस जगभर 'जागतिक बॅकअप दिन' म्हणून पाळला जातो. भारतात आर्थिक वर्षही त्याच दिवशी संपते. वर्षाचा हिशेब मिटवताना तो परत मिळवता येतो की नाही, हे पाहण्यास त्याहून योग्य दिवस शोधावा लागणार नाही.

चौकट : डिस्क सापडत नसेल तर

हे करा
- दुसरे पोर्ट, दुसरी तार आणि दुसरा संगणक या क्रमाने चाचणी घ्या.
- संगणक 'शट डाऊन' न करता 'रिस्टार्ट' करा.
- डिस्क मॅनेजमेंटमध्ये डिस्क दिसते का आणि तिला अक्षर आहे का, ते पाहा.
- डिस्कला शेवटाकडील अक्षर द्या आणि प्रोग्राममधील पत्ताही बदला.
- फॉरमॅट केलेली किंवा नवी डिस्क बॅकअपच्या मांडणीत नव्याने निवडा.
- बिघाड सापडेपर्यंत हिशेबाच्या फोल्डरची एक प्रत पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा.

हे करू नका
- डिस्क 'फॉरमॅट' किंवा 'इनिशिअलाइज' करण्याचा प्रश्न आल्यास, तिच्यावरील माहिती दुसरीकडे असल्याची खात्री होईपर्यंत होकार देऊ नका.
- डिस्कमधून आवाज येत असल्यास ती वारंवार चालू करू नका.
- बॅकअप सुरू असताना तार ओढून काढू नका.
- मूळ जागेवरून पुसलेल्या माहितीच्या एकमेव प्रतीला बॅकअप समजू नका.